पोर्चवर वेल चढवायचा होता, पण घरात कुत्रा आणि मांजर

आमचं रो-हाऊस नाशिकला इंदिरानगरच्या बाजूला आहे आणि पोर्चचं तोंड बरोबर पश्चिमेला. म्हणजे दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट हॉलमधे. एप्रिल-मेमधे ग्रिलला हात लावला तर चटका बसतो आणि हॉलची भिंत रात्री जेवणं होईपर्यंत गरमच असते. आधीच्या मालकांनी म्हणूनच पोर्चवर वेल चढवून ठेवले होते, एका खांबावर मनीप्लांट (पानं पार ताटाएवढी झालेली) आणि गेटच्या बाजूला पिवळा अलामंडा. २०२१ मधे आम्ही घर घेतलं तेव्हा फुकटात सावली मिळाली म्हणून खूश होतो. तेव्हा घरात प्राणी नव्हते.

२०२३ च्या दिवाळीनंतर चिमी आली, म्हणजे ती स्वतःच आली आणि राहिली, मांजरांचं असंच असतं. आणि जानेवारी २०२४ मधे भुऱ्या, साधारण तीन महिन्यांचं देशी पिल्लू, दात येत होते त्यामुळे चप्पल, पायपुसणं, खुर्चीचा पाय, दिसेल ते चावणं चालू. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो मनीप्लांटचं खालचं पान चघळताना दिसला आणि पाच-दहा मिनिटांत तोंडातून लाळेच्या तारा, पंजानं तोंड घासतोय, कुईकुई करतोय. मी घाबरले. डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या तोंड साध्या पाण्यानं धुवा, पानाचा तुकडा बरोबर घ्या आणि या. घरात तोवर दोन जण मिठाचं पाणी पाजायला निघाले होते, ते डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची ही जुनी पद्धत कुत्र्यांसाठी धोकादायक आहे, रक्तातलं सोडियम एकदम वाढतं. हे प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवा.

भुऱ्या दुसऱ्या दिवशी ठणठणीत होता. तपासणी आणि इंजेक्शन मिळून ६५० रुपये झाले. डॉक्टरांनी समजावलं ते मात्र डोक्यात बसलं. मनीप्लांटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात, जिभेत टोचतात. कच्च्या अळूनं आपल्या घशाला खाज सुटते आणि म्हणून आपण त्यात चिंच घालतो ना, तोच प्रकार. जीव जाईल असं सहसा होत नाही पण सूज घशाकडे गेली तर श्वासाला त्रास होऊ शकतो. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम हे सगळे त्याच कुळातले, तेच स्फटिक. मग त्यांनी पोर्चचा फोटो मागितला, अलामंडा बघितला आणि म्हणाल्या हाही काढा, चीक पोटात गेला की उलट्या-जुलाब.

तर दोन्ही वेल काढायचे आणि नवीन लावायचे असं ठरलं, आणि मला वाटलं एका रविवारचं काम आहे. प्रत्यक्षात झाडं जमिनीत जायला जून उजाडला.

पहिला टप्पा शोधाशोधीचा. नेटवर ‘पेट सेफ’ म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं थंड देशांतल्या झाडांचं, आपल्याकडे मिळतही नाहीत ती. त्यातल्या त्यात कामाची निघाली ती एएसपीसीए या अमेरिकेतल्या जुन्या प्राणी संस्थेची यादी (१८६६ पासूनची संस्था आहे ही). त्यात विषारी आणि बिनविषारी अशी झाडं कुत्रा, मांजर, घोडा यांच्यासाठी वेगवेगळी दिलीत, शास्त्रीय नावासकट. पण ती वापरताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे बिनविषारी लिहिलं तरी भरपूर पाला खाल्ला तर उलटी होणारच, कुत्र्याचं पोट काही बकरीचं नाही. दुसरं, आपल्याकडचे कितीतरी वेल त्या यादीत नाहीतच. यादीत नाव नाही म्हणजे चालेल असा अर्थ मी अजिबात काढला नाही. ज्याच्याबद्दल पक्कं सापडलं तेच घ्यायचं, बाकी कितीही सुंदर असो, खाली पोर्चमधे नाही.

आणि मग सगळ्यांच्या सूचना सुरू झाल्या. नाशिकमधे मांडवाचा विषय काढला की पहिलं नाव कुठलं येणार, द्राक्ष! शेजारच्या काकांची पिंपळगावकडे बाग आहे, फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम, ते क्रेट घेऊनच आले आणि म्हणाले डॉगरिजवर (मुळांसाठी वापरतात ती द्राक्षाची जात) कलम केलेलं रोप देतो, दोन वर्षांत पोर्च झाकून जाईल, सावली पण आणि थॉमसन द्राक्षं पण. मला फार मोह झाला खरं सांगते. पण द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या किडनीला घातक असतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्याची चार-सहा मण्यांत किडनी बंद पडू शकते, सुरक्षित प्रमाण किती ते कुणालाच ठरवता आलेलं नाही. बरीच वर्षं कारणच कळत नव्हतं, २०२१ पासून टार्टारिक अ‍ॅसिडवर संशय आहे, आणि तेच अ‍ॅसिड चिंचेत असतं म्हणून चिंचही कुत्र्याला द्यायची नाही. काकांना हे सांगितलं तर ते हसायला लागले, म्हणाले आमच्या बागेत कुत्री राखणीला असतात, आयुष्यभर खाली पडलेले मणी खातात. असतील. मी वाद घातला नाही, द्राक्षं खाल्ली, साली-देठ डब्यात बंद करून टाकले, कलम नको म्हणाले. काका थोडे खट्टू झाले, आठवडाभर.

मग नवऱ्याचा ट्रेकवाला मित्र. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात कुंपणांवर कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं, पानांच्या टोकांनी स्वतःच धरून चढते. तो कंद आणून देतो म्हणाला. कळलावीत कोल्चिसिन नावाचं विष असतं, सगळ्या भागांत आणि कंदात सगळ्यात जास्त, आणि माती उकरणाऱ्या पिल्लाच्या घरात कंद पुरायचा म्हणजे विचारायलाच नको. माणसासाठीसुद्धा ती जीवघेणी आहे. दिसायला माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात देखणा वेल हाच, पण डोंगरावरच बघावा. गुंजेचंही तेच, बी चावलं गेलं तर विष.

लसूणवेल ही कॉलनीत बऱ्याच गेटांवर आहे, दिवाळीच्या आसपास जांभळ्या फुलांनी भरते, मलाही तीच हवी होती. पण पान चुरडलं की लसणाचा वास येतो तो उगाच नाही, लसणातली गंधकाची संयुगं त्यात असतात, आणि कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो, मांजरांना तर जास्तच. म्हणून बाद. कृष्णकमळ बाद, कारण पानांत आणि कच्च्या फळात सायनाइड तयार करणारे घटक. मॉर्निंग ग्लोरीच्या बिया, इंग्लिश आयव्ही, विस्टेरिया, क्लेमॅटिस, सगळे बाद. मधुमालतीच्या बियांत क्विस्क्वालिक अ‍ॅसिड असतं, जंतावर औषध म्हणून वापरायचे पूर्वी, म्हणून तीही नको. गुळवेल लावा, औषधी आहे असं तर निदान अर्ध्या कॉलनीनं सांगितलं. औषधी आहे म्हणजे अंगात काहीतरी करते, म्हणूनच नको.

गोकर्णावरून मात्र घरात खरी चर्चा झाली. आईंना (सासूबाईंना) पूजेला निळी गोकर्ण हवीच होती. तिची मुळं आणि बिया रेचक असतात, फूल-पानाचं फारसं काही नाही. शेवटी तोडगा निघाला, गोकर्ण वरच्या गॅलरीत कुंडीत लावायची, गॅलरीचं दार बंद, आणि शेंगा धरल्या की हिरव्या असतानाच तोडायच्या. तो शेंगा तोडायचा नियम आईच पाळतात, माझ्यापेक्षा कडक.

मार्चच्या सुरुवातीला उरलं काय तर जुई, जाई, मोगऱ्याचे वेलीसारखे चढणारे प्रकार, बोगनवेल, होया, वेली गुलाब आणि पावसाळ्यापुरती काकडी. जॅस्मिनम म्हणजे खऱ्या जाई-जुईचं सगळं कुळ बिनविषारी यादीत आहे आणि हे वाचून जो आनंद झाला तो काय सांगू. पण इथे एक खड्डा आहे. नर्सरीत जस्मिन या नावाखाली काय वाट्टेल ते विकतात, त्यात रातराणीसुद्धा, आणि रातराणी जाई-जुईच्या कुळातली नाहीच, ती सेस्ट्रम, विषारी. ओळखायची सोपी खूण म्हणजे खऱ्या जाई-जुईची पानं फांदीवर जोडीनं समोरासमोर येतात आणि रातराणीची एकाआड एक. जाईला एका देठावर छोट्या पानांची पिसासारखी रांग असते, कळी बाहेरून गुलाबी. जुईचं मधलं पान मोठं आणि त्याच्या बुडाशी दोन बारकी कानासारखी पानं, कधी तीही नसतात. हे मोबाईलमधे फोटो काढून ठेवा, नर्सरीत भाऊ काय म्हणतो यापेक्षा पान काय म्हणतं ते बघा.

मार्चमधे काढणीचं काम. माळीकाकांनी १,२०० घेतले. अलामंडाचा चीक हाताला लागला की खाज येते म्हणून जाड हातमोजे घातले, भुऱ्याला आणि चिमीला दिवसभर आतल्या खोलीत ठेवलं. मनीप्लांट काढणं सोपं वाटतं पण त्याचा एक पेर जरी मातीत राहिला तरी परत फुटतो, मे महिन्यापर्यंत मी कोपऱ्यातून कोंब उपटत होते. सगळ्यात डोकेदुखी कापलेल्या पाल्याची. घंटागाडीवाल्यानं एवढ्या फांद्या घ्यायला नकार दिला, आणि रस्त्याकडेला टाकायचा तर मोकाट गाई आणि गल्लीतली कुत्री आहेतच, आपल्या दारातलं विष दुसऱ्याच्या तोंडात कशाला. म्हणून बारीक तुकडे, पोत्यात भरून, गच्चीवर कडक वाळवले आणि मग थोडे थोडे करून कचऱ्यात दिले. महिना गेला त्यात.

वेल काढल्यावर पोर्च भकास आणि ऊन दुप्पट. आणि तेव्हा कळलं की नवीन जाळी बसवायला सोसायटीची परवानगी लागते, कारण समोरच्या बाजूचा दर्शनी भाग बदलतो. १० मार्चला सेक्रेटरींना अर्ज दिला. अर्जाबरोबर पोर्चचा फोटो, हातानं काढलेलं मापांचं स्केच आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांची सही असलेला हरकत नसल्याचा कागद मागितला. काकांची सही लगेच मिळाली (द्राक्षांचा राग गेला होता), दुसरे शेजारी पुण्याला असतात त्यांची व्हॉट्सअ‍ॅपवर स्कॅन करून आली तर ती चालेना, मूळ सहीच पाहिजे. ते गुढीपाडव्याला आले तेव्हा सही झाली. कमिटीची मीटिंग महिन्याच्या शेवटी असते, त्यामुळे एप्रिल अखेरीस परवानगीचं पत्र शिक्क्यासकट मिळालं. अटी अशा की सामाईक भिंतीला ड्रिल नको, पाणी रस्त्यावर ओघळायला नको, वेल शेजारी जायला नको, परवानगी वर्षापुरती, आणि २,००० रुपये परत मिळणारं डिपॉझिट. कुणाला हे करायचं असेल तर अर्ज आधी द्या आणि जुने वेल नंतर काढा, उन्हाळा तरी सुसह्य जाईल.

त्या दिवसांत अजून एक भानगड. एप्रिलला आमच्याकडे उन्हाळ कांदा येतो साठवणीचा, गावाहून गोण्या येतात आणि जागा म्हणजे पोर्चच, हवा खेळती राहते म्हणून. इतकी वर्षं तसंच चाललेलं. आता एवढ्या वेलांवर एवढा विचार करून लसूणवेल नाकारायची आणि पोर्चमधे कांद्याच्या गोण्या ठेवायच्या, यावर नवरा दोन दिवस हसत होता. गोण्या जिन्याखालच्या खोलीत गेल्या.

फॅब्रिकेटरनं चार इंची चौकोनाची जाळी स्वस्त पडेल म्हणून सांगितलं. पण चार इंचात पिल्लाचं किंवा मांजराचं डोकं जातं आणि परत निघत नाही, म्हणून दोन इंची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) जाळी घेतली, दोन फ्रेम, प्रत्येकी पाच बाय सात फूट, रंग आणि फिटिंग धरून ९,४००. जाळी भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवायला सांगा, वेलाला मागून वारा मिळतो, भिंतीला ओल धरत नाही आणि साफसफाईला हात जातो. जाळीची खालची कड जमिनीपासून दीड फूट वर ठेवली. म्हणजे भुऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर पालाच नको, नुसतं खोड. कोवळं खोड चावू नये म्हणून त्याभोवती कोंबड्यांच्या जाळीचा नळा करून बसवला. फॅब्रिकेटर एकदा माप घेऊन गेले ते पंधरा दिवस फोन उचलेनात, लग्नसराई होती म्हणे, मांडवाची कामं. असो, आले.

मेच्या शेवटी गंगापूर रोडच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. पहिल्याच ठिकाणी जुई मागितली तर भाऊनं जे दिलं त्याची पानं एकाआड एक. म्हटलं ही रातराणी आहे, तर म्हणे ताई वास तोच येतो. परत ठेवली. पुढच्या नर्सरीत एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी न विचारता जाई, जुई, कुंदा तिन्हींची पानं शेजारी ठेवून दाखवली, मी तिथूनच सगळं घेतलं. जुईची दोन रोपं १२० ला एक, बोगनवेल २२०, होया ३५०.

नर्सरीत अजून एक प्रश्न न लाजता विचारा, कुंडीच्या मातीत काही दाणे टाकलेत का. थिमेट म्हणजे फोरेट हे वाळवीसाठी, किडीसाठी मुळाशी टाकायची जुनी सवय आहे, त्यावर आपल्याकडे २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे पण जुन्या सवयी जातात थोड्याच. कुत्र्यानं अशी माती उकरून चाटली तर फार वाईट. म्हणून मी काय केलं, रोपं आणल्यावर काही दिवस गच्चीवर ठेवली, पानं पाण्यानं धुतली, आणि लावताना पिशवीतली मोकळी होणारी माती झटकून नवीन मातीत लावली. जुन्या मातीची पिशवी बांधून टाकून दिली.

खतावर जरा जास्त लिहिते कारण हे कुणी सांगत नाही आणि माझ्या मते निम्मा धोका वेलात नसून वेलाच्या बुडाशी असतो. नर्सरीत ‘सेंद्रिय’ म्हणून जी मिश्र खतं मिळतात त्यात बऱ्याचदा एरंडीची पेंड असते. एरंडाच्या बीत रिसिन नावाचं विष असतं, तेल काढल्यावर ते पेंडीत राहतं, आणि पेंड नीट तापवलेली नसेल तर ते तसंच राहतं. कुत्र्यांना पेंडीचा वास आवडतो, ते ती खातात. हाडांचा चुरा, स्टेरामील (प्राण्यांच्या हाडांपासूनचं खत), यांचंही तसंच, कुत्र्याला खाऊच वाटतो तो, उकरून खातात आणि पोटात गोळा होऊन बसतो. मी साधं गांडूळखत, कोकोपीट, लाल माती आणि थोडी निंबोळी पेंड घेतली, सगळं मिळून १,३५०. वर मोठे गुळगुळीत गोटे पसरले, म्हणजे उकरता येत नाही. बारीक खडे नकोत, पिल्लं गिळतात. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाकल्या, त्यात साठलेलं खताचं पाणी दोघंही चाटायची, शिवाय डास.

लागवड मृग लागल्यावर केली, ८ जूनला, पण पाऊस नाही आला लगेच, आठवडाभर बादलीनं पाणी. जुईच्या कुंड्या दोन्ही जाळ्यांच्या बुडाशी, अठरा इंची सिमेंटच्या, ८५० ला एक. बोगनवेल विषारी नाही पण काटे आहेत, चिमीच्या डोळ्याची भीती, म्हणून ती गेटच्या बाहेरच्या अंगाला जमिनीत लावली, तिथे पश्चिमेचं ऊन तिला आवडतं आणि मांजर त्या बाजूला जात नाही. होया आतल्या सावलीत, छताच्या हुकाला. तिच्या फांदीला चीक असतो पण ती बिनविषारी यादीत आहे, तरी वर टांगलेली बरी. काकडीच्या बिया एका जुन्या पाण्याच्या कॅनमधे.

वेल जाळीला बांधायला सुतळी, नायलॉन दोरा वापरू नका, निदान मांजर असेल तर नाहीच. मांजराला लोंबणारा दोरा दिसला की ते खेळतं, चघळतं, गिळतं, आणि दोरा आतड्यात अडकला की थेट ऑपरेशन. मी प्लास्टिकच्या क्लिपा लावल्या.

जुलैत पाऊस बसला आणि गोगलगाई आल्या. पहिल्या रात्रीत काकडीची अर्धी रोपं साफ. कृषी सेवा केंद्रात विचारलं तर त्यांनी लगेच मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. शेतात ठीक असेल, २०२२ ला लातूर-बीडकडे सोयाबीनवर गोगलगाईंनी जो हैदोस घातला होता तो आठवत असेल, तिथे शेतकरी दुसरं काय करणार. पण मेटाल्डिहाइड कुत्र्याच्या पोटात गेलं की अंग थरथरतं, झटके येतात, आणि त्या गोळ्या कुत्र्यानं खाव्यात अशाच दिसतात. पाकीट न घेता आले. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांजवळ पसरायचं, सकाळी त्याखाली सगळ्या गोगलगाई गोळा झालेल्या असतात, चिमट्यानं उचलायच्या आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत. किळसवाणं काम आहे, पण जमतं. मुंग्या गोळा होतात हा त्याचा तोटा.

चिमीचं वेगळंच. तिला जुईत काडीचा रस नाही, तिला गवतासारखी लांब पाती हवीत. डॉक्टर म्हणाल्या तिच्यासाठी गहू पेरा. ट्रेमधे साधा घरातला गहू भिजवून पेरला, आठ दिवसांत बोटभर हिरवं गवत, ती ते कुरतडते आणि बाकी झाडांकडे बघत नाही. आलटून पालटून दोन ट्रे ठेवले की कायम एक तयार असतो. ३ ऑक्टोबरला घटस्थापना झाली आणि पाचव्या माळेला आई बघतात तर घटाचं धान एका बाजूनं कापल्यासारखं! देवघराचं दार तेव्हापासून लावून घेतो. मांजरवाल्यांसाठी जाता जाता, लिली घरात आणूच नका, बुकेमधलीसुद्धा. खऱ्या लिलीचे परागकण अंगावर पडले आणि मांजरानं चाटले तरी किडनी जाऊ शकते.

जुईला पहिल्या वर्षी फार अपेक्षा ठेवू नका. सप्टेंबरात थोड्या कळ्या आल्या, आई रोज मोजायच्या. जाळी निम्मी झाकली गेली दिवाळीपर्यंत. पिठ्या ढेकूण (पांढरी कापसासारखी दिसणारी कीड) लागला तर कडुलिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारलं, फवारल्यावर पानं सुकेपर्यंत दोघं आत. जानेवारी २०२५ च्या शेवटी छाटणी केली, गुडघ्यापर्यंत आणली, जुईला तीच वेळ योग्य असते, कापताना जीव खालीवर झाला पण एप्रिलमधे इतकी फुटली की त्या उन्हाळ्यात दुपारी चारला पोर्चमधे बसता येत होतं. पूर्ण सावली नाही, पण ग्रिलला हात लावता येतो. होयाला अजून एकही फूल नाही.

खर्च डिपॉझिट सोडून १५,४०० च्या आसपास गेला, त्यातला मोठा हिस्सा जाळीचा. कमी करायचा असेल तर जाळीऐवजी बांबूची ताटी करा, पण बांबूची टोकं घासून घ्या, भुऱ्यासारखं कुणी असेल तर त्याच्या चिपा काढतं.

एक करा मात्र. पोर्चच्या आतल्या भिंतीवर मी एक कागद लावलाय, त्यावर प्रत्येक वेलाचं शास्त्रीय नाव, भुऱ्या-चिमीचं वजन, डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. आम्ही गावाला गेलो की प्राण्यांना बघायला भाची येते, तिला फोनवर ‘ते पांढऱ्या फुलांचं’ असं सांगायची वेळ येऊ नये म्हणून.

आणि परवानगी वर्षापुरतीच होती ना, ती रिन्यू करायला गेले तर परत फोटो, परत स्केच, परत दोन्ही शेजाऱ्यांच्या मूळ सह्या. मागच्या वेळच्या पत्राची झेरॉक्स जोडली तर स्केच चालून गेलं, सह्या मात्र नव्यानंच लागल्या. काकांनी सही केली आणि विचारलं, द्राक्षाचं कलम अजून आहे, गच्चीवर लावता का?